न सापडणारा बिघाड

ओव्हरलॉक मशीनबरोबर मिळालेल्या लांब चोचीच्या चिमट्याने काकूंनी गाडीचा फ्यूज धरला, दोनदा हलवला आणि उपसून घेतला. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज अजून येत होता. बॉनेट त्यांनी हळूच खाली आणलं आणि चार बोटांचं अंतर उरल्यावर दोन्ही तळव्यांनी दाबून बसवलं. ते आपटलं असतं, तर पाण्याच्या आवाजातही फोरमनना ऐकू गेलं असतं.

घरात येऊन त्यांनी फ्यूज बटणांच्या बरणीत टाकला आणि मशीनसमोर बसून एका पॅन्टची बाजूची शिलाई उसवायला घेतली.

फोरमन तयार होऊन बाहेर आले तेव्हा साडेआठ वाजले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, पण वरचं बटण खालच्या काजात गेलं होतं. काकूंनी उठून सगळी बटणं काढली आणि पुन्हा लावली. तेवढा वेळ ते हात बाजूला धरून उभे राहिले.

“मी जरा जाऊन येतो.”

“कुठे?”

“डेपोत. तीन नंबरच्या गाडीचा क्लच बघायचाय.”

डेपोतून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. काकू पुन्हा मशीनशी बसल्या. थोड्या वेळाने शेडमधून स्टार्टरचा आवाज आला. मग पुन्हा, या वेळी जास्त वेळ. इंजिन फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. गाडीचं दार उघडल्याचं ऐकू आलं, मागोमाग बॉनेट. काकूंनी घड्याळाकडे एकदा पाहून घेतलं आणि कात्री पुन्हा शिलाईत घातली.

बारा मिनिटांनी इंजिन सुरू झालं, अर्धा मिनिट चाललं आणि बंद झालं. फोरमन फडक्याला हात पुसत दारात आले. चेहरा असा, की जणू कुणी त्यांच्या अंगावरून वीस वर्षं झटकून टाकली होती.

“फ्यूज. उडालेला नाही, जागेवरून गायब. वायपरचा काढून तिथे लावला. पाऊस येईपर्यंत आता चिंता नाही.”

“चहा टाकू?”

“टाक.”

चहा होईपर्यंत ते डेपो विसरले होते. त्या दिवसापुरतं निभावलं.

गल्लीत काकूंच्या नवऱ्याला सगळे फोरमनच म्हणत. वाहतूक डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. घराच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी निम्म्या गल्लीच्या गाड्या येऊन उभ्या राहत. बाजारात बाटलीत भरून विकतात त्या औषधांवर त्यांचा विश्वास नव्हता. बॅटरीच्या टोकांवर जमलेली पांढरी बुरशी ते खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या दातांच्या ब्रशने साफ करत आणि वरून व्हॅसलीनचं बोट फिरवत. पिवळट पडलेल्या हेडलाइटवर टूथपेस्ट घासत. इंजिनातला आवाज नेमका कुठून येतोय हे बघायला लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लोखंडाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून घेत. गाडी उभी केली की खाली पुठ्ठा सरकवत आणि त्यावर पडलेल्या डागाच्या रंगावरून काय गळतंय ते सांगत. कुठलंही झाकण उघडायचं झालं, तर आधी एका पुठ्ठ्यावर त्याची आकृती काढत आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्या आकृतीत आपापल्या जागी भोक पाडून खोचत. “काम संपल्यावर पुठ्ठा रिकामा झाला पाहिजे,” ते म्हणत. “बोल्ट उरला म्हणजे माणूस झोपला होता.”

दोन वर्षांपूर्वी एक बोल्ट उरला. तो कुठला, हे शोधण्यात त्यांची सबंध दुपार गेली. त्यानंतर एकदा तीन उरले. पुढेपुढे पुठ्ठ्यावरची आकृती कशाची आहे हेच कुणाला ओळखता येईना, त्यांना स्वतःलाही. डॉक्टरीणबाईंनी त्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी गोल काढला, आकडे सगळे एका बाजूला लिहिले आणि काटे काढायच्या ऐवजी मधोमध एक सुरेख दातेरी चाक काढलं. बाईंनी काकूंना बाजूला घेतलं. “यापुढे गाडी चालवू देऊ नका.”

“चालवतंय कोण?” फोरमन घरी आल्यावर म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढून दुधाला गेले.

दूध आणायला कोपऱ्यावर जायचं होतं. ते चार तासांनी परत आले, तेही उलट्या बाजूने. दुधाची पिशवी नव्हती. गाडीचा पुढचा डावा इंडिकेटर फुटला होता आणि पांढऱ्या बंपरवर हातभर निळा रंग ओरखडला होता. “उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं,” ते म्हणाले, आणि टूथपेस्ट आणि ओलं फडकं घेऊन बंपरपाशी उकिडवे बसले. तासाभरात बंपर पहिल्यासारखा झाला. काम बघावं तर त्यांचं.

दुसऱ्या दिवशी काकू इस्त्रीचे कपडे आणायला कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत गेल्या, तर ती बंद होती. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, की लॉन्ड्रीवाला सायकलवरून कपडे पोचवायला निघाला होता. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर एका पांढऱ्या गाडीने त्याला उडवलं. मांडीचं हाड तुटलं. गाडीवाला थांबलाही नाही. नंबर कुणी पाहिला नाही. सायकल निळी होती, हे काकूंना विचारावं लागलं नाही. गेली कित्येक वर्षं तीच सायकल त्यांच्या दारात येऊन घंटी वाजवत होती.

त्या दिवसापासून त्यांनी सगळं करून पाहिलं. किल्ली पिठाच्या डब्यात लपवली, तर फोरमननी स्टिअरिंगखालच्या दोन वायरी जोडून गाडी सुरू केली. फाटकाला कुलूप घातलं, तर त्यांनी हॅक्सॉने कडी कापली आणि “फाटक अडकत होतं, नीट केलं” म्हणून सांगितलं. जुन्या गाड्या घेणाऱ्या माणसाला बोलावलं, तर फोरमन सकाळपासून स्टिअरिंग धरून गाडीत बसले, दुपारपर्यंत उतरले नाहीत आणि शेवटी त्या परक्या माणसासमोर रडले. काकूंनीच त्याला परत पाठवलं.

“आई, विकून टाक ना ती,” लेक फोनवर म्हणाली. ती दूरच्या शहरात राहत होती.

“तू ये आणि तू विक.”

लेकीने विषय बदलला.

शेवटचा उपाय म्हणून गाडी तीन दिवस सुकड्याच्या गॅरेजात नेऊन ठेवली. सुकड्या डेपोत फोरमनच्या हाताखाली तयार झालेला. त्या काळी फुंकर मारली तर उडेल असा होता म्हणून ते नाव पडलं. आता पन्नाशी ओलांडली होती, पोट बेल्टवरून खाली आलं होतं, पण नाव तेच राहिलं. रिकामी शेड पाहून फोरमन गाडी शोधायला चालत निघाले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते हमरस्त्याच्या कडेला सापडले. पायात चपला नव्हत्या, आणि येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीला ते हात करत होते. सुकड्याने स्वतःच गाडी परत आणून शेडमध्ये लावली.

“गाडी इथेच हवी, पण चालायला नको,” काकू त्याला म्हणाल्या. “काय करायचं ते सांग.”

सुकड्याने टायर पायाने दाबून पाहिलं. “काकू, मला जे येतं ते त्यांनीच शिकवलंय. मी काय करणार, जे त्यांना सापडणार नाही?”

तरी त्याने सांगितलं. पहिला फ्यूज. तो बारा मिनिटांत सापडला. मग ठिणगीला वीज देणाऱ्या कॉइलची मोठी वायर आतल्या आत सैल करून ठेवायची. त्याला चाळीस मिनिटं लागली. मग डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणाखालचा, ठिणगी वाटून देणारा रोटर काढून घ्यायचा. तो काकूंनी काढून कात्रीच्या कप्प्यात ठेवला. फोरमननी टोपण उघडलं, रिकामी जागा पाहिली, शेडमधल्या खिळ्यांच्या डब्यात हात घातला आणि दुसरा रोटर काढून बसवला. तो तिथे किती वर्षं पडून होता कुणास ठाऊक.

गंमत अशी, की बिघाड सापडला त्या दिवशी ते नीट जेवत, दुपारी शांत झोपत आणि काकूंना त्यांच्या नावाने हाक मारत. उरलेल्या दिवशी कधी ताई म्हणत, कधी नुसतंच “ऐका” म्हणत. गाडी बंद पाडणं हे आता त्यांना घरात ठेवण्यासाठी होतं की माणसात ठेवण्यासाठी, हे काकूंना सांगता आलं नसतं.

एका शनिवारी त्यांनी सुकड्याला न विचारता स्वतःच्या डोक्याने काम केलं. इग्निशनच्या वायरीचं वरचं आवरण ब्लेडने उभं चिरलं, आतली तांब्याची तार तोडली आणि आवरण चिकटद्रव्याने असं जोडलं, की बोट फिरवलं तरी जोड लागू नये. उंची कापडावरचं भोक दिसू नये म्हणून आयुष्यभर रफू करणाऱ्या बाईला ते अवघड नव्हतं.

तो बिघाड दोन दिवस टिकला. फोरमन खाटेवरून उठून शेडमध्ये जात, तिथून खाटेवर येत. दुसऱ्या दिवशी त्यांनी इंडिकेटरचा एक बल्ब घेऊन त्याला दोन वायरी डकवल्या, एक टोक गाडीच्या लोखंडाला लावलं आणि दुसऱ्याने वायरीवर ठिकठिकाणी टोचत निघाले. टोचलं की बल्ब लागे. एका ठिकाणी तो लागला नाही.

“अगं, इकडे ये. बघ.”

लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण त्यांनी काकूंना बॉनेटपाशी कधी बोलावलं नव्हतं.

“इथपर्यंत करंट आहे. इथून पुढे नाही. वायर वरून धड आहे आणि आतून तुटलीय.” त्यांनी ती बोटांत धरून उजेडात फिरवली. “असा बिघाड हजारात एक. आपोआप होत नाही असा.”

काकूंनी बोटं पदराखाली घेतली.

“उंदीर असेल,” फोरमन म्हणाले, आणि पक्कड घेतली.

फ्यूज काढला त्या दिवशी उसवायला घेतलेली पॅन्ट लॉन्ड्रीवाल्याची होती. त्याची बायको ती घेऊन आली होती. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर होतं आणि कुठलीच पॅन्ट वर चढत नव्हती. काकूंनी एका बाजूची शिलाई कमरेपासून खालपर्यंत उसवली, दोन्ही कडा दुमडून घेतल्या आणि चाप बटणं लावली, म्हणजे त्याला पाय न उचलता ती घालता येईल. कुणीही याहून जास्त नीट केलं नसतं. सव्वीस बटणं लागली.

पॅन्ट द्यायला त्या स्वतः गेल्या. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत तो खाटेवर पडून होता आणि उशाशी घड्या घातलेल्या कपड्यांचे गठ्ठे होते. बायको इस्त्री करत होती. दुपारी तीच ते गठ्ठे डोक्यावर घेऊन पायी फिरत असे. सायकल भिंतीला टेकून ठेवली होती, पुढचं चाक घडी केल्यासारखं दुमडलेलं.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“हाड जुळेल म्हणतात,” तो म्हणाला. “पाय आखूड राहील. सायकल विसरा म्हणाले.”

“आणि तो गाडीवाला?”

“नंबरच नाही तर कुणाला धरणार?” बायकोने इस्त्री जोरात फिरवली. “कुठेतरी जेवून आरामात बसला असेल.”

काकूंनी पॅन्टची चाप बटणं एकेक करून उघडून दाखवली, पुन्हा लावून दाखवली, आणि निघाल्या. तोंडाशी आलेलं सगळं तसंच घेऊन निघाल्या.

घराच्या वळणावर त्यांना इंजिनचा आवाज ऐकू आला. गाडी फाटकाच्या तोंडाशी, रस्त्याकडे तोंड करून उभी होती. फोरमन स्टिअरिंगवर बसले होते. त्या सकाळी काकूंनी कॉइलच घरी आणून ठेवली होती. ती त्यांना कपाटात सापडली होती.

“कुठे गेली होतीस? बस. चक्कर मारून येऊ.”

काकू गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“बाजूला हो अगं.”

“नाही होत.”

“काय झालं?”

“अहो, तुम्ही एका माणसाला उडवलंत. आपला लॉन्ड्रीवाला. त्याचा पाय तुटला आणि तुम्ही थांबला नाहीत.”

फोरमन काचेतून त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे करून इंजिन बंद केलं. समोरच्या घरातल्या नळाचं पाणी बादलीत पडत होतं, तेवढंच ऐकू येऊ लागलं.

“कधी?”

“सहा आठवडे झाले.”

“आणि मला तू आज सांगतेस?”

“तीनदा सांगितलंय,” काकू म्हणाल्या. “तिन्ही वेळा तुम्ही रडलात. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली मागितलीत.”

ते गाडीतून उतरले. या वेळी रडले नाहीत. बॉनेटवर हात टेकून उभे राहिले, जसे डेपोत एखाद्या गाडीची तक्रार ऐकताना उभे राहत असतील.

“किल्ली लपवून ठेव.”

“वायरी जोडता.”

“फ्यूज काढ.”

“सापडतो.”

“ती वायर…” ते थांबले. त्यांनी काकूंच्या बोटांकडे पाहिलं. “उंदीर नव्हता तो.”

“नाही.”

“चांगलं काम होतं,” ते म्हणाले. “असं काही करून उपयोग नाही. मी शोधणारच. बिघाड असा पाहिजे, की सापडला तरी मला नीट करता येऊ नये.”

“असा कुठला आहे?”

फोरमननी गाडी ढकलत मागे शेडमध्ये घेतली. काकूंनी पुढून हात लावला. फोरमननी शेडची दोन्ही दारं सताड उघडली, जुनं घमेलं गाडीखाली सरकवलं, पाठीवर झोपून आत गेले आणि पाना लावला. काळं तेल घमेल्यात पडू लागलं, आधी धारेने, मग थेंब थेंब. ते बाहेर आले, कपड्यांची धूळ झटकली, आत बसून इंजिन सुरू केलं आणि अॅक्सिलरेटरवर एक वीट ठेवली. समोर तेलाचा लाल दिवा लागला. तो तसाच राहिला.

पहिली काही मिनिटं इंजिन नेहमीसारखंच चाललं. काकूंना वाटलं, याला काही होत नाही. मग वरच्या अंगाला बारीक टकटक सुरू झाली.

“हे वरचे वॉल्व्ह,” फोरमन म्हणाले. ते मडगार्डवर तळवा ठेवून उभे होते. “तेल वर पोचत नाहीये.”

टकटक वाढत गेली. जळकट वास आला. मग खालून, पोटातून, जड ठोके यायला लागले, कुणी बंद खोलीच्या दारावर मुठी मारावी तसे. शेडचा पत्रा थरथरू लागला.

“आणि हे?”

“खालचं बेअरिंग. लोखंडावर लोखंड घासतंय.”

“बंद करू का?”

“नको.”

त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. एकदा त्यांचा हात आपसूक खिडकीतून किल्लीकडे गेला. काकूंनी तो धरला. तो त्यांनी सोडवून घेतला नाही. आवाज चढत गेला, चिरका झाला आणि एक हिसका बसून बोलता बोलता वाचा जावी तसा थांबला. धूर पत्र्याखाली साचून हळूहळू दाराकडे निघाला.

फोरमन पुन्हा गाडीखाली गेले. तेल काढायचा बोल्ट त्यांनी पुसला, वॉशरसकट जागेवर बसवला आणि घट्ट केला. आता त्याचा काही उपयोग नव्हता. पण उघडा बोल्ट सोडून ते कधी उठले नव्हते.

“कुठे राहतो तो?” बाहेर येऊन त्यांनी विचारलं. “चल. मला आठवतंय तोवर चल.”

ते चालत गेले. वाटेत त्यांनी दोनदा विचारलं, “कोण म्हणालीस? लॉन्ड्रीवाला ना?” आणि काकूंनी दोन्ही वेळा हो म्हटलं. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत ते खाटेसमोर ताठ उभे राहिले, वरिष्ठांसमोर उभं राहावं तसे.

“तुम्हाला उडवलं ती गाडी माझी. चालवत मी होतो. मी थांबलो नाही.”

लॉन्ड्रीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो काकूंकडे बघत होता.

“काकू, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“दुसऱ्या दिवसापासून.”

त्याच्या बायकोने इस्त्री उभी करून ठेवली. खिळ्याला अडकवलेली पॅन्ट काढली, सगळी चाप बटणं बंद केली, घडी घातली आणि काकूंच्या हातात दिली.

“ही घेऊन जा.”

पुढे व्हायचं ते सगळं झालं. चौकशीला अधिकारी आला, जबाब झाला, फोरमनचा परवाना त्याने नेला, डॉक्टरीणबाईंचे कागद नेले. प्रकरणाच्या तारखा पडू लागल्या. जबाब देताना फोरमन मध्येच थांबले आणि अधिकाऱ्याला म्हणाले, तुमच्या गाडीचं मागचं उजवं टायर बसलंय, हवा भरून घ्या. लॉन्ड्रीवाल्याच्या बायकोने काकूंचे कपडे घेणं बंद केलं. गल्लीतल्या दोन-तीन घरांनीही शिवायला टाकलेले कपडे न शिवताच परत नेले. लेक दोन दिवस राहून गेली. सुकड्या तेवढा येत राहिला. घमेल्यातलं तेल त्यानेच नेलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी लॉन्ड्रीतून परत आल्यावर फोरमन न जेवता झोपले, आणि दुसऱ्या दिवशी साडेआठ वाजता शर्ट घालून बाहेर आले.

“मी जरा जाऊन येतो.”

काकूंनी किल्ली त्यांच्या हातात दिली. लपवायचं आता काही कारण नव्हतं.

शेडमधून एकदाच ठक्क असा आवाज आला. पुन्हा एकदा ठक्क. मग बॉनेट. काकू दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. फोरमननी दिवे लावून बॅटरी तपासली. इंजिन हाताने फिरतंय का बघायला मोठा पाना घेऊन खालच्या पुलीला लावला आणि अंगाचा भार टाकला. पुली तसूभर हलली नाही. त्यांनी तेल मोजायची पट्टी उपसली आणि डोळ्यांसमोर धरली. पट्टी कोरडी होती. पाना हातातून खाली ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

“इंजिन जाम झालंय. तेल नसताना कुणीतरी चालवलंय ही.” ते वळले. “कुणी केलं हे?”

काकूंनी तोंड उघडलं. खरं सांगायचं, तर त्यामागचं सगळंच सांगावं लागलं असतं, पाचव्यांदा.

“मी.”

“तू?”

“हो. मी चालवून बघत होते.”

फोरमननी काकूंना काहीही बोलायचं बाकी ठेवलं नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी आवाज चढवला नव्हता, तो त्या सकाळी गल्लीने ऐकला. दिवसभर ते काकूंशी बोलले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठक्क, पुन्हा पुली, पुन्हा कोरडी पट्टी, पुन्हा तोच प्रश्न. कधी ते ओरडत, कधी पायरीवर बसून राहत, कधी आल्यागेल्याला सांगत, “हिने माझं इंजिन मारलं.” सुकड्याच्या देखत असं झालं, तेव्हा त्याने काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवून त्याला गप्प राहायला सांगितलं.

थंडी सुरू झाल्यावरची गोष्ट. प्रश्न झाला, उत्तर झालं, आणि काकू ओरडा खायच्या तयारीने उभ्या राहिल्या. फोरमन पट्टी हातात धरून त्यांच्याकडे बघत होते. आदल्या रात्री त्यांनी काकूंना ओळखलं नव्हतं. आता ओळखलं की नाही, ते कळत नव्हतं.

“तुला काय माहीत असणार,” ते म्हणाले. आवाज अगदी खाली होता. “मी कधी तुला बॉनेट उघडून दाखवलं? चूक माझी आहे.”

त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं.

“अशी ये इकडे. तेल कसं बघायचं ते दाखवतो. गाडी काढायच्या आधी रोज बघायचं.”

त्या गेल्या. फोरमननी पट्टी काकूंच्या हातात दिली आणि खांद्यावरचं फडकं पुढे केलं.

“आधी पुसून घ्यायची,” फोरमन म्हणाले.

काकूंनी कोरडी पट्टी वरपासून खालपर्यंत नीट पुसली.